कुठून आणलंस?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फिदेन्सिओ माचाणावरून पडला.

हॉप्सच्या मळ्यात, बिअरला कडवटपणा देणारे ते वेल वर चढायला, सुतळ्या बांधायचं काम चाललं होतं. ट्रॅक्टरमागं जोडलेल्या उंच माचाणावर चौघं उभे राहायचे. ट्रॅक्टर ओळीतून मुंगीच्या चालीनं जायचा आणि डोक्यावरच्या तारेला काथ्याची सुतळी टाकून गाठ मारत राहायचं. दिवसाला हजारो गाठी. फिदेन्सिओच्या बोटांना ती गाठ इतकी बसली होती की गप्पा मारता मारता, डोळे भलतीकडं ठेवून तो मारायचा. त्या दिवशी ट्रॅक्टरचं चाक पाण्यानं खचलेल्या जागी गेलं, माचाण एकदम कललं. तिघांनी कठडा धरला. फिदेन्सिओच्या दोन्ही हातांत सुतळी होती.

डावा घोटा दोन जागी मोडला. आत धातूची पट्टी बसवली, वर गुडघ्यापर्यंत प्लास्टर.

"दोन महिने हा पाय जमिनीला लावायचा नाही," डॉक्टर म्हणाला.

त्याच्या बायकोचं, मारिसेलाचं, सफरचंदं भरायचं काम मार्चमध्येच संपलं होतं. चेरी लागेपर्यंत ती घरी राहणार होती. नवरा खुर्चीत बसल्यावर तिनं दुसऱ्याच दिवशी वेल चढवायच्या टोळीत नाव घातलं.

टोळी लेओबार्दोची. मायदेशी, मिचोआकानात, त्याचं गाव फिदेन्सिओच्या गावापासून एक ओढा ओलांडला की होतं. चाळिशीचा गडी, बायको सोडून गेलेली, केस नेहमी पाणी लावून मागं बसवलेले. पांढऱ्या व्हॅनमधून नऊ बाया आणि दोन म्हातारे घेऊन तो मळ्यावर जायचा. सकाळी साडेपाचला फिदेन्सिओच्या ट्रेलरच्या घरापुढं व्हॅन थांबायची आणि दोन वेळा हॉर्न वाजायचा. बाकीच्यांच्या दारात एकदाच वाजतो, हे फिदेन्सिओनं चायोबाईला विचारून पक्कं केलं होतं.

"तुमचं दार रस्त्यापासून आत आहे बाबा," दोन्या चायो म्हणाली होती. साठीची बाई, टोळीत सगळ्यांत जुनी, म्हणून चायोबाईला सगळे मानानं दोन्या म्हणत. "एकदा वाजवलं तर तिला ऐकू जात नाही."

फिदेन्सिओला ते पटलं नाही.

मे लागला. जमिनीतून निघालेले हॉप्सचे कोंब हातभर झाले की त्यांतले दोन-तीन निवडायचे आणि सुतळीभोवती घड्याळाच्या काट्यासारखे वळवायचे. उलटे वळवले की रात्रीत सुटून खाली पडतात. दिवसभर कमरेत वाकायचं. वेलाला बारीक आकडे असतात, ते मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडून काढतात. मारिसेला घरी यायची तेव्हा तिच्या हातांवर तांबड्या रेघा उठलेल्या असायच्या. फिदेन्सिओ त्या रेघांकडं बघत बसायचा. कुठली वेलाची आणि कुठली नखाची, हे तो ताडून बघायचा.

एक दिवस ती जाड निळ्या बाह्या चढवून आली.

"हे काय घातलंयस?"

"बाह्या. आता ओरबाडत नाही."

"कापड कुठलं?"

"जुनी जीन कापलीय."

"कुणाची?"

"लेओबार्दोची. सगळ्यांना कापून दिल्या त्यानं."

"सगळ्यांना? किती विजारी आहेत त्याला?"

मारिसेला हसली. फिदेन्सिओ हसला नाही. परक्या माणसाच्या विजारीत आपल्या बायकोचे हात, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून दोन दिवस हललं नाही. तिसऱ्या दिवशी ती कामावर असताना तिनं धुऊन टाकलेली दुसरी जोडी त्यानं कुबडीनं ओढून घेतली आणि कचऱ्याच्या पिंपात घातली. तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, वाऱ्यानं गेली असेल.

त्यात भर म्हणून टोळीत तिला नाव पडलं. कोंब उलटा वळवला की ती शेजारणीला दटावायची, म्हणून लेओबार्दो तिला 'मास्तरीण' म्हणायला लागला. सकाळी व्हॅनचं दार सरकायचं आणि आतून आवाज यायचा, "या मास्तरीणबाई!" सगळी व्हॅन हसायची. चार वर्षं झाली लग्नाला, फिदेन्सिओनं तिला कधी लाडाचं नाव दिलेलं नव्हतं. खुर्चीत बसून त्यानं दोन-चार नावं जुळवून बघितली. एकही तोंडातून बाहेर पडेना.

तरी एका रविवारी दुपारी दोघांचं चांगलं जमलं. प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून, मध्येच हसू आवरत, त्यांनी महिन्याभराचा दुरावा मोडला. ती त्याच्या दंडावर झोपून गेली. तिच्या केसांना हॉप्सचा कडवट वास येत होता. फिदेन्सिओला वाटलं, उगाच आपण मनाला लावून घेतो.

त्या रविवारनंतर सहाव्या दिवशी तिला ताप भरला.

अंग मोडून आलं, मांडीच्या सांध्यात दोन्ही बाजूंनी गाठी आल्या. ती पाय फाकवून, सावकाश चालायला लागली. उन्हात वाकून वाकून आलंय म्हणाली. मग मळ्यातल्या शौचकूपाला नावं ठेवली. रात्री भिंतीकडं तोंड करून निजली, आणि फिदेन्सिओचा हात कमरेवर पडला तसा तिनं उचलून बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती न्हाणीत होती. ट्रेलरच्या भिंती पुठ्ठ्याच्या. तिच्या लघवीची धार सुरू झाली, थांबली, परत सुरू झाली, आणि तिनं तोंडात टॉवेल कोंबून दाबलेलं रडणं त्याला स्वच्छ ऐकू आलं.

"मारिसेला, दार उघड."

"काही नाही."

"उघड म्हणतो ना."

ती बाहेर आली. घामानं केस कपाळाला चिकटलेले. म्हणाली, "खाली फोड आलेत. आधी पाण्यानं भरल्यासारखे होते, आता फुटून जखमा झाल्यात. लघवी लागली की आग होते. मिठाच्या पाण्यानं धुतलं तर जीवच गेला."

फिदेन्सिओनं कुबडी मांडीवर आडवी घेतली. गावात असताना त्यानं ऐकलं होतं, गरमीचा रोग झाला की असे फोड येतात. आणि गरमी बाजारबायांकडून येते, वाऱ्यावर येत नाही.

"कुठून आणलंस?"

"काय?"

"मी महिनाभर या खुर्चीत आहे. बाहेर तू जातेस. घरातला माणूस घरात, आणि रोग घरात आला. कुठून आणलंस सांग."

"मी कुणाजवळ गेले नाही."

"कशावरून?"

"मी सांगतेय म्हणून."

"तो रोज दोनदा हॉर्न वाजवतो."

मारिसेलानं त्याच्याकडं अशी नजर टाकली, जणू समोर कुणी अनोळखी माणूस येऊन बसलाय. मग आत जाऊन ती उद्याच्या डब्याला घेवडा शिजत टाकायला लागली. अंगात ताप होता, तरी उभी राहून तिनं तोर्तिया भाजल्या, कापडात गुंडाळल्या. फिदेन्सिओ पाठीमागून तिची एकेक हालचाल बघत होता. आजारी बाई कामाला जायची एवढी तयारी कशापायी करते, हाही त्याला पुरावाच वाटला.

सकाळी साडेपाचला हॉर्न वाजला, दोनदा.

मारिसेला दाराशी जायच्या आत फिदेन्सिओ कुबड्या घेऊन पायऱ्या उतरला होता. व्हॅनचं दार सरकलं. आत बाया गुडघ्यावर डबे घेऊन बसल्या होत्या. लेओबार्दोनं खिडकीतून हात काढला, "काय पाय म्हणतोय?"

"खाली उतर."

"काय झालं?"

"खाली उतर, कुत्र्या! माझ्या बायकोला रोग दिलास तू. तुझी घाण तिच्या अंगावर फुटलीय, बसता येत नाही तिला. उतर!"

लेओबार्दो उतरायला लागला तशी फिदेन्सिओनं कुबडी फिरवली. ती आरशाला लागली, आरसा फुटून लोंबायला लागला, आणि एका कुबडीवरचा तोल जाऊन फिदेन्सिओ खडीवर आडवा झाला. प्लास्टरचा पाय वर, तोंड मातीत. त्याला उठता येईना. शेवटी लेओबार्दोनं एका काखेत आणि मारिसेलानं दुसऱ्या काखेत हात घालून त्याला उचलला आणि पायरीवर बसवला.

लेओबार्दोनं त्याच्या शर्टावरची माती झटकली. "मी हिला हात लावलेला नाही," तो म्हणाला. आवाज चढवलाच नाही. "पण आता तू दहा माणसांत हिचं जे केलंस, ते माझ्या हातून कधी झालं नसतं."

मारिसेलानं डबा उचलला आणि ती व्हॅनमध्ये जाऊन बसली.

तिच्या शेजारी ओतिलिया असायची. बावीस-तेवीस वर्षांची, नवरा वर्षातले सात महिने अलास्कात मासळीच्या कारखान्यात. ती उठली आणि मागच्या बाकावर दोघींच्या मध्ये घुसून बसली. मळ्यावर शौचाला दोन पेट्या होत्या. दुपारपर्यंत बायांनी आपसात ठरवूनही टाकलं, की त्या टोकाची मारिसेलानं वापरायची. कुणी तिला तसं सांगितलं नाही. ती जवळच्या पेटीकडं निघाली तशी एकजण पुढं होऊन दाराला पाठ लावून उभी राहिली, एवढंच.

ती तीनशे पावलं चालून लांबच्या पेटीपाशी गेली. फोडांना चड्डीचं कापड घासत होतं.

परत आली तेव्हा दोन्या चायो तिच्या ओळीत येऊन कोंब वळवत होती.

"कुणी दिलं ते सोड," म्हातारी वर न बघता म्हणाली. "दाखवलंस का कुणाला?"

"लाज वाटते."

"त्या फोडांना वाटत नाही, तुला कशापायी वाटावी? उद्या माझ्या पिकअपमधून दवाखान्यात चल. आणि मलम-बिलम काही लावू नकोस आज. त्यांना जखम ओलीच बघायची असते."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी काय जन्मले तेव्हापासून म्हातारी आहे का?" दोन्या चायो म्हणाली.

दवाखान्यातली नर्स इमेल्दा मूळची इथल्याच खोऱ्यातली, शतावरी कापणाऱ्यांची मुलगी. तिनं दार लावलं, पडदा ओढला. मारिसेलाला वाटलं होतं की ती आधी विचारील, लग्न झालंय का, कुणाकुणाबरोबर. इमेल्दानं आधी विचारलं, "लघवी होतेय का? पूर्ण बंद तर नाही झाली?"

"होते. रडत रडत."

"कोमट पाण्यात बसून कर. पाण्यात गेली की आग कमी होते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, सगळ्यांना तेच सांगते मी."

तिनं दिवा जवळ ओढून बघितलं. कापूस गुंडाळलेल्या काडीनं एका जखमेचं पाणी टिपून घेतलं. मारिसेलानं टेबलाची कड आवळली. मग दंडातून रक्त काढलं, कपात लघवी घेतली.

"इतकं कशाला?" मारिसेलानं विचारलं.

"बघून मला वाटतं हर्पिस आहे. पण बघून वाटणं वेगळं आणि तपासणं वेगळं. फोड पाच-सहा गोष्टींनी येतात. गरमीनंही जखम होते, ती बहुतेक दुखत नाही, आणि आपोआप भरते, म्हणून लोक घरी बसतात आणि रोग आत वाढतो. काही रोगांना फोडच येत नाहीत. एकदा आलीयेस तर सगळंच बघून घेऊ. हर्पिसच्या गोळ्या आजपासूनच सुरू कर."

"कुणाकडून आलं, ते कळतं का यातून?"

इमेल्दानं हातमोजे काढले. ती म्हणाली, "काडीवर माणसाचं नाव येत नाही गं."

पाच दिवसांनी बोलावणं आलं. जखमा सुकायला लागल्या होत्या. गरमी नाही, परमा नाही, एचआयव्ही नाही. काडीवर मात्र हर्पिस निघाला.

"मुळापासून जात नाही हा," इमेल्दा म्हणाली. "अंगात झोपून राहतो, अधूनमधून उठतो. पहिल्या वेळेइतका जोर पुढं बहुतेक राहत नाही. उठायच्या आधी चुणचुण होईल, ती ओळखायला शीक आणि गोळी घे. तेवढे दिवस नवऱ्याला लांब ठेव."

"मूल होईल ना मला?"

"होईल की. दिवस गेले की डॉक्टरला मात्र हे आधी सांगायचं." तिनं कागद उलटला. "एक गोष्ट आहे. काडीवर आहे, पण तुझ्या रक्तात याची खूण अजून उमटलेली नाही. खूण उमटायला काही आठवडे लागतात. म्हणजे तुला हे नुकतंच लागलंय."

"नुकतंच म्हणजे?"

"गेल्या काही आठवड्यांत."

परतताना मारिसेला दोन्या चायोच्या पिकअपमध्ये बसली होती. जन्मात ती एकाच माणसाजवळ झोपली होती. आणि गेल्या काही आठवड्यांत, एका रविवारी दुपारी. तिला हिशोब मांडायची गरजच नव्हती. दोन्ही बाजूंनी हॉप्सचे मांडव पळत होते आणि तिच्या डोळ्यांपुढं गेला सप्टेंबर उभा राहिला होता. कापणीच्या वेळी फिदेन्सिओ महिनाभर सुकवणीच्या भट्टीवर होता, झोपायला तिथंच. भट्टीवर हॉप्स किती वाळले ते बघून लिहून घ्यायला एक बाई होती, एरेंदिरा. एकदा तो घरी आला असताना म्हणाला होता, ती हसते छान. तेव्हा मारिसेलानं ते सोडून दिलं होतं. आता तिला त्या बाईचे दातसुद्धा दिसायला लागले, कधी बघितले नव्हते तरी. नवरा इतके दिवस कसल्या आगीत बसलाय ते तिला तेव्हा समजलं, आणि समजलं म्हणून त्याची कीव काही आली नाही.

घरी येऊन तिनं आरडाओरड केली नाही. टेबलावर गोळ्यांची बाटली ठेवली.

"हर्पिस आहे. नर्सनं तुलाही बोलावलंय. रक्त दे."

"मला? मला काय झालंय?"

"काही झालं नसेल तर तसं निघेल."

फिदेन्सिओ ताठ बसला. "देतो की. उद्याच देतो. मग तर बोलायला जागा राहणार नाही ना तुला?"

तो गेला तोच मुळी खटला जिंकायला निघाल्यासारखा. दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. दोन्या चायोनं त्याला सोडलं आणि ती बाहेर गाडीतच बसून राहिली.

इमेल्दानं त्याला विचारलं, कधी फोड, चीर, खाज? तो म्हणाला, कधीच नाही. लघवीला जळजळ? नाही.

"वर्षाकाठी एखादा चट्टा? दोन-चार दिवसांत जाणारा?"

"कापणीत येतो कधी कधी. मांडीवर, वरच्या अंगाला. तो हॉप्सचा. सगळ्यांनाच अंगावर पुरळ उठतं तेव्हा."

"हॉप्सचं पुरळ हाताला, मानेला येतं, जिथं वेल लागतो तिथं," इमेल्दा म्हणाली. "विजारीच्या आत कसं पोचतं?"

फिदेन्सिओनं बाही वर केली.

आठवड्यानं तो परत त्याच खुर्चीत बसला. बाकी सगळं स्वच्छ. हर्पिसची खूण रक्तात होती, चांगली ठसठशीत.

"म्हणजे तिनं मला दिला," तो म्हणाला.

"नाही. तिचं मी तुला सांगणार नाही, ते तीच सांगेल. तुझं सांगते. लागल्यावर लगेच इतकी खूण रक्तात दिसत नाही. तुला जुना आहे."

"किती जुना?"

"रक्त वर्ष सांगत नाही. एक असेल, पंधरा असतील. बऱ्याच जणांना पत्ताच नसतो. अंगावर काही नसतानाही तो देता येतो."

"मग चार वर्षांत तिला कसा नाही झाला? आणि आत्ताच?"

"असं होतं. वर्षानुवर्षं लागत नाही, एक दिवस लागतो."

"लग्न झाल्यापासून मी कुणाकडं गेलो नाही. आईची शपथ. एकोणीस वर्षांचा असताना लोदीला द्राक्षांच्या कॅम्पात एक बाई होती, दोन-तीन वेळा. तेवढीच. माझ्यावर विश्वास ठेवा."

"मी ठेवला काय आणि नाही काय," इमेल्दा म्हणाली. "माझ्याबरोबर थोडाच राहतोस तू?"

तो खरं बोलत होता. लोदीनंतर दुसरं कुणी नव्हतं. एरेंदिराकडं त्यानं भट्टीच्या उजेडात पाहिलं होतं, एकदोनदा जास्त वेळ पाहिलं होतं, बाकी काही झालं नव्हतं. पिकअपमध्ये बसल्यावर पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं, की हे दाखवायला आपल्याकडं काहीच नाही. फाडून दाखवावा असा कागद नाही, बोलवावा असा साक्षीदार नाही.

मारिसेला टेबलाशी बसून होती. त्यानं कुबड्या भिंतीला लावल्या आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. लोदीचंही. चार वर्षांत प्रथमच.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि ती भट्टीवरची?"

"एरेंदिरा? नाही. कधीच नाही."

"कशावरून?"

फिदेन्सिओच्या तोंडात उत्तर तयार होतं. मी सांगतोय म्हणून. ते ओठांपर्यंत आलं आणि त्याला कळलं की हेच हिनं आपल्याला सांगितलं होतं, तापात उभी राहून. तो खाली बसला. मान वर करवेना.

"मला तुझा गळा दाबावासा वाटतो," मारिसेला म्हणाली. "त्या लोदीच्या बाईचं मला काही नाही, ती माझ्या आधीची. पण ही भट्टीवरची मला झोपू देत नाही. भांडी घासताना दिसते. मळ्यात वाकले की दिसते. तू नाही म्हणतोस. खरं असेल. मला कळायला वाट नाही."

"मग काय करू मी?"

"ते मला माहीत नाही. पण एक करायचं तुला माहीत आहे. जिथं ओरडलास, तिथंच जाऊन सांगायचं."

"टोळीपुढं?"

"मी बारा दिवस त्या टोकाच्या पेटीला जातेय."

फिदेन्सिओला त्या पेटीचं ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं तेव्हा कळलं.

सकाळी व्हॅन आली. आरशाच्या जागी चिकटपट्टीनं दुसरा आरसा बसवलेला होता. फिदेन्सिओ पायऱ्या उतरून आला तसा लेओबार्दोनं हॅंडब्रेक ओढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवले. दार सरकलं. बायांनी डबे पोटाशी घेतले.

रात्रभर फिदेन्सिओनं चार वाक्यं जुळवली होती. ऐन वेळी ती आठवेनात.

"तो रोग माझा होता," तो म्हणाला. "तिला माझ्यापासून झाला. मला आधीपासून होता, मला माहीत नव्हतं. तपासलं तेव्हा कळलं." त्यानं कुबडी खडीत जरा पुढं रोवली. "तिचं काही नाही त्यात. लेओबार्दोचंही नाही. मी खोटं बोललो, म्हणजे... खरं वाटून बोललो. चुकलो."

एक म्हातारा खोकला. फिदेन्सिओच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या आणि तो जाऊही शकत नव्हता, कारण मारिसेला अजून मागं पायरीवर उभी होती.

"आरशाचं काय?" लेओबार्दोनं विचारलं.

"पाय सुटला की नवा आणून बसवतो."

"बसव. मला यात डावीकडचं धड काही दिसत नाही. परवा एका कोंबडीवर घातली." कुणीतरी हसलं. लेओबार्दो हसला नाही. त्यानं मारिसेलाकडं बघून मान हलवली. "चला मास्तरीणबाई, ऊन होईल."

फिदेन्सिओला ते नाव लागलंच. तसंच लागलं, पहिल्यासारखं. तो बाजूला झाला आणि त्यानं तिला वाट दिली.

जूनच्या मध्यावर त्याचं प्लास्टर निघालं. मालकानं त्याला बैठं काम दिलं, यंत्राची पाती घासायचं. पहिल्या दिवशी तो चारला घरी आला तेव्हा मारिसेला आलेली नव्हती. पाचला व्हॅन रस्त्यावरून सरळ निघून गेली. सहा वाजले, सात वाजले. तिचा फोन बंद. फिदेन्सिओ लंगडत रस्त्यापर्यंत गेला, परत आला. लेओबार्दोला फोन लावायला त्यानं नंबर काढला आणि अंगठा तसाच वर धरून बसला. व्हॅन गेली तेव्हा आत कोण होतं, पडदे ओढलेले होते का, ती आज सकाळी केस वेगळे बांधून गेली होती का, सगळं डोक्यात रांगेनं उभं राहिलं. छातीत जुनाच निखारा. रक्त तपासून तो विझलेला नव्हता.

त्यानं फोन ठेवला. कांदा चिरला. घेवडा गरम करत ठेवला.

साडेसातला दोन्या चायोचा पिकअप थांबला. मारिसेला उतरली. तिच्या मागं पिकअपमध्ये आणखी कुणीतरी मान खाली घालून बसलेलं दिसलं, तोंडावर रुमाल. पिकअप वळून गेला.

ती आत आली. हात धुतले. फिदेन्सिओ चुलीशी पाठमोरा उभा होता. तो विचारील म्हणून ती थांबली. घेवड्याला बुडबुडे आले, त्यानं आच कमी केली.

"विचार की," ती म्हणाली.

"नाही विचारत."

"मानेच्या शिरा दिसतायत तुझ्या."

"दिसू देत."

मारिसेला खुर्ची ओढून बसली. दिवसभर वाकल्यानं कमर धरली होती, तिनं दोन्ही मुठी पाठीत दाबल्या. "एकीला दवाखान्यात न्यायचं होतं," ती म्हणाली. "तिच्या जखमा दुखत नाहीत, म्हणून ती महिनाभर थांबली होती. आज सुई दिलीय. कोण ते सांगणार नाही. नर्सनं माझं तुला सांगितलं नाही, तसंच."

"नको सांगूस."

त्यानं दोन ताटल्या मांडल्या. तोर्तिया तव्यावर टाकली, जरा जास्तच करपली, ती त्यानं स्वतःकडं घेतली.

"ऑगस्टात भट्टी पेटली की तुला बोलावतील," मारिसेला म्हणाली.

"बोलावतील."

"ती असेल?"

"असेल. मी नाही म्हणून सांगू का त्यांना?"

तिनं तोर्तियाचा तुकडा मोडला, घेवड्यात बुडवला, आणि खाल्ला नाही. 

"जा," ती म्हणाली. "जाऊ नकोस म्हटलं तरी ती माझ्या डोक्यातून जाणार नाही. जा, आणि मला घरी राहून जळायचं ते मी जळीन. तू नाही का आज दोन तास जळलास?"

"साडेतीन," फिदेन्सिओ म्हणाला. "चारपासून."

मारिसेलानं त्याच्याकडं बघितलं. मग तो भिजून मऊ झालेला तुकडा तिनं तोंडात घातला आणि मिठाचं भांडं त्याच्या बाजूला सरकवलं.